उजळलेलं प्रवाळ

एकोणीस वर्षं मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आहे. अकरावीला प्राण्यांचं वर्गीकरण येतं, त्यात प्रवाळ येतं, आणि दर वर्षी मी फळ्यावर गुलाबी खडूनं तेच चित्र काढते. खाली चुन्याची वाटी, वर पिशवीसारखा प्राणी, तोंडाभोवती झिरमिळ्या. प्रयोगशाळेच्या कपाटात प्रवाळाचा एक वाळका तुकडा आहे. तो वर्गात फिरवला की कुणीतरी हमखास विचारतं, मॅडम, हा टाचा घासायचा दगड का? सगळे हसतात, मीही हसते, तास पुढं जातो. जिवंत प्रवाळ मी कधी पाहिलेलं नव्हतं आणि सोलापुरात राहणाऱ्या बाईनं ते पाहायला हवं असं मला वाटलंही नव्हतं. धाकटी जाऊ घरात आली आणि वाटायला लागलं.

जाऊ मूळची मालवणची. समुद्रातल्या जीवांचंच शिकलेली, कोकणातल्या एका संस्थेत नोकरीला. पाठीवर हवेचं नळकांडं बांधून पाण्याखाली उतरायचं आणि प्रवाळ किती जिवंत, किती मेलेलं याची मोजणी करायची, हे तिचं काम. दिरानं तिच्याशी लग्न ठरवलं तेव्हा मी मनातल्या मनात खुर्ची टाकून बसले होते. आमचं घर लिंगायत. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. सासूबाई अक्कलकोटकडच्या, निम्मं बोलणं कानडीत. मासे खाणारी सून आल्यावर आता कसा रंग चढतो ते बघू, असं मी म्हणत होते. कसलाच रंग चढला नाही. ही सासूबाईंच्या शेजारी बसून ज्वारीची भाकरी थापायला शिकली, कानडीतली दोन वाक्यं चुकीची बोलली, आणि सासूबाई विरघळल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "लई छलो पोरगी हाय." छलो म्हणजे चांगली. त्याच चुलीशी मी अठरा वर्षं भाकऱ्या थापत होते. मला कुणी छलो म्हटल्याचं आठवत नाही.

मला तिचा मत्सर वाटायचा. तेव्हा मी हा शब्द वापरत नव्हते. तिचा स्वभाव जरा दिखाऊ आहे, असं मी नवऱ्याला म्हणायचे. नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मास्तर आहे, दिवसभर मागांच्या खडखडाटात उभा असतो. घरी आल्यावर त्याला माझं निम्मंच ऐकू येतं, आणि जे येतं त्याला तो मान डोलावतो.

सासूबाईंचं मी सोडून दिलं असतं. मुलीचं मला सोडता येईना.

मुलगी त्या वर्षी अकरावीत होती, माझ्याच कॉलेजात, माझ्याच वर्गात, तिसऱ्या बाकावर. दिवाळीला दीर-जाऊ आले. जावेनं लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि लक्षद्वीपला काढलेलं चित्रण लावलं. निळंशार पाणी, त्यात झुडपांसारखी, ताटांसारखी, मेंदूसारखी प्रवाळं, फांदीफांदीतून मासे. जाऊ फरशीवर मांडी घालून बसली आणि बोलायला लागली. म्हणाली की प्रवाळाच्या प्राण्याच्या अंगात अगदी बारीक शेवाळ राहतं. ते उन्हावर साखर बनवतं आणि घरभाडं म्हणून बहुतेक सगळी त्या प्राण्यालाच देतं. प्राणी त्याला आसरा देतो. प्रवाळाचा रंगही या भाडेकरूचाच. समुद्र नेहमीपेक्षा एखाददुसऱ्या अंशानं जास्त तापला आणि आठवडे तसाच राहिला, की दोघांचं बिनसतं. प्रवाळ त्या शेवाळाला बाहेर काढतं आणि स्वतः पांढरंफटक पडतं.

"म्हणजे मेलं?" मुलीनं विचारलं.

जाऊ म्हणाली, लगेच नाही. उपाशी राहतं. पाणी वेळेत थंड झालं तर शेवाळ परत येतं, रंग परत येतो. नाही झालं तर जीव जातो, आणि मग दुसरंच शेवाळ, केसाळ, चिकट, त्या सांगाड्यावर चढतं. ते चरणारे मासे आधीच जाळ्यात ओढून नेलेले असले तर त्याला आवरणारं कुणी राहत नाही. गावाचं सांडपाणी समुद्रात जात असेल तर त्याला खतपाणीच मिळतं. बंदरासाठी तळ उपसला की गाळ येऊन बसतो, होड्यांचे नांगर फांद्या मोडतात, कुणी शोभेसाठी तुकडे काढून विकतं. एवढं सोसून अशक्त झालेल्या प्रवाळाला मग उष्णता पुरते. फांद्या ठिसूळ होऊन कोसळतात. तिथं लपणाऱ्या माशांना घर उरत नाही, पिल्लं वाचत नाहीत, आणि बेटावरच्या कोळ्याची होडी रिकामी यायला लागते. लाटा आधी त्या भिंतीवर फुटायच्या, त्या थेट किनाऱ्यावर येतात, जमीन खातात. बेटावरच्या विहिरींचं गोडं पाणी खारट व्हायला लागतं.

विहिरींचं ऐकून सासूबाई माळ ओढायच्या थांबल्या. पाण्याचं दुखणं सोलापूरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

यातलं मला काय नवीन होतं? काहीच नाही. 'प्रवाळ खडकांच्या ऱ्हासाची कारणे व परिणाम लिहा' हा प्रश्न मी कितीतरी वर्षं लिहून देते आहे, सहा मुद्दे, प्रत्येकाखाली रेघ. पण मुलगी टीव्हीसमोर पालथी पडून, हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती. माझ्या तासाला ती असं ऐकताना मी पाहिलेली नव्हती. चित्रण संपल्यावर ती माझ्याकडं वळली.

"आई, तू वर्गात शिकवतेस ते हेच का?"

मी हो म्हटलं.

"मग तू असं कधी सांगितलं नाहीस."

तिच्या मनात काही नव्हतं. सोळा वर्षांची पोरगी, दिसलं ते बोलली. मी चिवडा आणायला म्हणून आत गेले आणि डबा हातात धरून तशीच उभी राहिले. त्या दिवाळीनंतर ती रोज संध्याकाळी काकूला फोन करायला लागली. बारावीनंतर काकूचंच शिकायचं, मे महिन्यात महिनाभर काकूकडं राहायचं, पोहायला शिकायचं, असं सगळं ठरलं. माझ्याशी बोलणं राहिलं ते डब्यात काय आहे आणि गणवेश वाळला का एवढ्यापुरतं. पोरगी माझी आणि तिला दिसतं जग जावेचं, हे माझ्या डोक्यात गेलं. मला माझी मुलगी परत पाहिजे होती. पुढं मी जे केलं ते एवढ्यासाठी केलं. दुसरं कुठलंही कारण मी तेव्हा लोकांना सांगितलं असेल तर ते खोटं होतं.

मी बैठकीत समुद्र आणायचं ठरवलं.

खाऱ्या पाण्याची टाकी सोलापुरात कुणी ठेवत असेल तर मला माहीत नाही. इथल्या दुकानांत गोल्डफिश मिळतात आणि काचेला चिकटणारे काळे मासे. पुण्याच्या एका विक्रेत्याचा नंबर मिळवला. त्यानं टाकी, पंप, निळा-पांढरा दिवा, मिठाची पोती, क्षार मोजायची नळी असं सगळं फोनवर ठरवून पाठवलं. महिना-दीड महिना नुसतं पाणी फिरवत ठेवायचं होतं. ते झाल्यावर, जानेवारीत, गावात गड्ड्याची जत्रा चालू असताना, एका सकाळी बसनं थर्माकोलचा खोका आला. त्यात दोन निळसर हिरवे मासे, अंगठ्याएवढे, आणि एका दगडावर मुठीएवढं फांद्यांचं प्रवाळ, चॉकलेटी रंगाचं. कुठून आणलं, असं मी विक्रेत्याला विचारलं होतं. फार्मचं आहे मॅडम, म्हणाला. प्रवाळ काढणं, विकणं कायद्यानं बंद आहे हे मी पोरांना शिकवते. फार्मचं या शब्दावर मी विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचा होता. दुसऱ्यांदा विचारलं नाही.

सासूबाईंनी खोक्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "यव्वा, मासं कशाला आणलीस घरात? आपल्यात अंडंबी येत न्हाय." खायला नाहीत, नुसतं बघायला, असं सांगितल्यावर त्या जरा निवळल्या. प्रवाळ म्हणजे अंगठीतल्या पोवळ्याच्याच जातकुळीतलं, हे कळल्यावर तर त्यांनी टाकीला लांबून हात जोडले.

मुलगी मात्र माझी झाली. कॉलेजातून आली की दप्तर टाकायची आणि टाकीसमोर माझ्या शेजारी बसायची. आम्ही दोघी क्षार मोजायचो, वहीत लिहायचो. दिवा मालवताना ते दोन मासे प्रवाळाच्या फांद्यांत शिरायचे, नुसती डोकी बाहेर ठेवायचे. ती म्हणायची, आई, बघ, झोपायला गेले. प्राणी आपली बोटं कशी बाहेर काढतो हे मी तिला भिंगातून दाखवलं. तेही मी पहिल्यांदाच पाहत होते, पण ते मी तिला कळू दिलं नाही. तिनं विचारलं की मी सांगायचे. काकूला होणारे फोन दिवसाआड झाले, मग आठवड्याला एक, मार्चपर्यंत बंदच पडले. काकूला टाकीचं सांगू नकोस, ती एप्रिलच्या शेवटी नात्यातल्या लग्नाला येईल तेव्हा एकदम दाखवू, असं मी बजावलं होतं. तिला ती गंमत वाटली. मी मात्र जावेचा चेहरा त्या वेळी कसा होईल याची रोज रंगीत तालीम करत होते.

आता चूक सांगते. ती दुसऱ्या कुठल्या गावात झाली नसती.

विक्रेत्यानं सांगितलं होतं, दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी काढून टाकायचं आणि ताजं, मीठ कालवलेलं घालायचं. माशांची घाण, उरलेलं खाणं पाण्यात साचतं, प्रवाळाला ते सोसत नाही. आमच्याकडं नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं, कधी पाचव्या. पाणी यायच्या दिवशी घरातली प्रत्येक बादली, पातेलं, पिंप भरलेलं असतं. भाजी धुतलेलं पाणी कुंडीत जातं, कपड्यांचं शेवटचं पाणी संडासात. अशा घरात दर रविवारी दोन बादल्या पाणी मोरीत ओतून द्यायचं? माझा हातच होईना. पहिल्या वेळी मी काढलेलं पाणी बादलीत ठेवलं आणि सवयीनं दारातल्या कढीपत्त्याला घातलं. मी, जीवशास्त्राची बाई! मिठाचं पाणी झाडाच्या मुळांना काय करतं ते मला परीक्षेत विचारता आलं असतं. आठ दिवसांत झाड खडखडीत वाळलं. सासूबाईंनी विचारलं तर मी उन्हावर ढकललं. त्यानंतर पाणी बदलणं मी पंधरा दिवसांवर नेलं, मग महिन्यावर. मासे खाण्यावर झेपावले की मुलगी हसायची, म्हणून त्यांना खाणं मात्र सढळ हातानं घालत होते.

मार्च सरता सरता ऊन पेटलं. दुपारी बैठकीत पंख्याचा वाराही गरम. कूलर लावला की टाकीच्या बाजूला तोंड करायचे, पण पाण्यात धरलेला पारा एकतीसच्या वर जाऊन बसायचा. वहीत तो आकडा मुलीनं लाल पेननं लिहिला होता. मी म्हटलं, सोलापूरचं पाणी आहे, सवय होईल त्याला.

एप्रिलच्या सुरुवातीला एका सकाळी दिवा लावला आणि दोघी थक्क झालो. चॉकलेटी प्रवाळ उजळलं होतं. फांद्यांची टोकं जांभळी निळी, मध्ये झगझगीत पिवळट हिरवी छटा. इतकं सुंदर ते कधीच दिसलं नव्हतं. मुलगी काचेला नाक लावून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, तुझ्या हातानं फुललं हे." या वाक्यासाठी मी दिवाळीपासून वाट पाहत होते. मला एप्रिलअखेरपर्यंत धीर धरवेना. मी फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमच्या सोलापूरचं प्रवाळ.' खरं सांगायचं तर तो फोटो ग्रुपवरच्या वीस माणसांसाठी नव्हता, एकट्या जावेसाठी होता.

दहा मिनिटांत जावेचा फोन आला. मुलगी तोवर कॉलेजात गेली होती.

"ताई, तुम्ही टाकी ठेवलीत हे मला माहीतच नव्हतं," ती म्हणाली. आणि मग, "रागावू नका. ते उजळलंय ना, ते भाजतंय. आतलं शेवाळ गेलं की उजेड सरळ त्याच्या अंगावर येतो. तो अडवायला ते असले रंग काढतं. समुद्रातही मरायच्या आधी काही काही असंच सुंदर दिसतं."

काय करायचं तेही तिनं सांगितलं. दिवा बंद करा, काचेला ओलं फडकं गुंडाळा, थंड पाण्याच्या बाटल्या आत तरंगत ठेवा, दोन बादल्या पाणी आजच्या आज बदला, खाणं बंद करा. तीन-चार दिवस असतील अजून, म्हणाली. घाईनं पण हळू आवाजात बोलत होती, आजारी माणसाच्या खोलीबाहेर बोलतात तसं.

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. आणि मला काय वाटलं ते लिहायला मला आजही लाज वाटते. मला वाटलं, ही माझ्यावर जळतेय. तिचं जे होतं ते माझ्याकडं आलं, तिच्यापेक्षा देखणं आलं, ते हिला बघवेना. म्हणून नेमका आजच, फोटो बघितल्या बघितल्या, ते मरतंय असं सांगायला फोन केला. स्वतःच्या पोटातलं दुखणं मी उचलून तिच्या पोटात नेऊन ठेवलं आणि मला एकदम बरं वाटलं.

संध्याकाळी मुलीनं विचारलं, काकूनं फोटो पाहिला का? काय म्हणाली? मी म्हटलं, छान आहे म्हणाली. आणि दिवा चालू ठेवला. त्या उजेडात ते फारच सुंदर दिसत होतं. त्या तिन्ही संध्याकाळी आम्ही मायलेकी टाकीसमोर बसलो, शेजारणींना बोलावून दाखवलं. माझ्या आयुष्यातल्या त्या चांगल्या संध्याकाळी होत्या, हे मी नाकारणार नाही.

चौथ्या दिवशी दुरुस्तीसाठी सकाळपासून वीज गेली ती दुपारी चारपर्यंत आली नाही. कॉलेजातून आले तर पंप बंद, पाणी कोमट आणि प्रवाळ पांढरं. पूर्ण पांढरं, टोकापासून बुडापर्यंत. सासूबाई समोर बसून होत्या. त्यांना ते आवडलं होतं. "कापसावानी झालंय की ग," म्हणाल्या.

मग मी सगळं केलं. बर्फाच्या पिशव्या, ओली पोती, प्यायच्या पिंपातलं पाणी काढून त्यात मीठ कालवून चार-चार बादल्या बदलल्या. काढलेलं पाणी मोरीत ओतताना एकदाही हात थबकला नाही. नवऱ्यानं कारखान्यातून जुना इन्व्हर्टर आणून लावला. आठवडाभर मी भिंगातून बघत राहिले, कुठं एखादं बोट बाहेर येतंय का. फांद्यांवरचं कातडं जाळीसारखं विरत गेलं आणि आतला चुना उघडा पडला. त्यानंतर केसाळ हिरवं शेवाळ आलं. साठलेल्या घाणीवर ते दोन दिवसांत दगडभर पसरलं. मासे त्या फांद्यांत शिरेनात. दिवा मालवला की दोघं पंपाच्या मागं कोपऱ्यात एकमेकांना चिकटून राहायचे. एक तिथंच मेला. दुसरा चार दिवस उघड्या पाण्यात एकटा फिरला, मग तोही. दिवाळीत जाऊ फरशीवर बसून जे बोलली होती ते माझ्या बैठकीत त्याच क्रमानं घडलं. आधी ताप, मग पांढरं, मग हिरवं, मग रिकामं. लिहून दिलेल्या सहा मुद्द्यांत मला हे कधी दिसलं नव्हतं, कारण त्यात कुणी कुणाला शोधत फिरत नव्हतं.

मुलगी रडली नाही. वहीत रोजचे आकडे लिहीत राहिली. शेवटच्या माशानंतर तिनं वही मिटून कपाटात ठेवली.

लग्नाच्या आदल्या दिवशी जाऊ आली. टाकी मी झाकून ठेवली होती, तिनं चादर उचलली. बराच वेळ वाकून बघत होती. मग बाही वर सारून हात आत घातला, प्रवाळ दगडासकट बाहेर काढलं आणि उलटं केलं. बुडाशी गोंदाचा थर होता. तिनं तो नखानं खरवडला. खाली छिन्नीनं तोडल्याची सरळ कड होती.

"फार्मचं म्हणाला होता," मी म्हटलं.

ती म्हणाली, असंच सांगतात. एवढी मूठ भरायला कितीतरी वर्षं लागली असतील, आणि ही काढताना शेजारच्या किती मोडल्या असतील कोण जाणे. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. एवढ्यात मुलगी आतून आली.

"काकू," ती म्हणाली, "हे रंगीत झालं होतं तेव्हाच ते मरत होतं. मी नंतर वाचलं. तू फोटो पाहिला होतास. तू तेव्हाच सांगितलं असतंस तर वाचलं असतं ना?"

जावेनं माझ्याकडं पाहिलं. पापणी लवायला लागते तेवढाच वेळ. तेवढ्यात तिला सगळं कळलं. मुलीला काय सांगितलं गेलं, काय नाही, सगळं.

"फोटोवरून मला नाही कळलं ग," ती म्हणाली. "चुकलंच माझं."

 मुलगी काकूकडं बघत राहिली, आणि ती नजर मी ओळखली. दिवाळीत, चिवड्याच्या डब्याआधी, ती माझ्याकडं अशीच बघत होती. तुला येत असायला पाहिजे होतं, आणि तुला येत नाही. ही नजर जावेकडं वळावी म्हणून मी सहा महिने जीव टाकला होता. आता ती वळली होती. जावेनं स्वतः आणून माझ्या हातात दिली होती.

लग्न झालं, दीर-जाऊ परत गेले. मे महिना उजाडला. मुलीची बॅग भरायची म्हणून मी कपडे काढायला गेले तर म्हणाली, राहू दे, मी जात नाही.

"का?"

"जिला फोटो बघून साधं एवढं कळलं नाही तिच्याकडं जाऊन मी काय शिकू? त्यापेक्षा तुझ्याजवळ राहते. तू निदान शेवटपर्यंत बर्फ तरी घालत होतीस."

मला जे हवं होतं ते पुरं मिळालं. तिच्या घड्या घातलेल्या कपड्यांवर हात ठेवून मी उभी होते. गप्प राहिले असते तर चाललं असतं. जाऊ कधी बोलली नसती, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिच्या त्या न बोलण्याचाही मला मत्सर वाटत होता, कारण तेवढं मोठं होणं मला जमलं नसतं. आणि पोरगी सोलापुरातच राहिली असती, माझ्या शेजारी, एका खोट्यावर.

"काकूनं सांगितलं होतं," मी म्हटलं. "फोटो टाकला त्याच सकाळी. दहा मिनिटांत फोन आला होता. दिवा बंद करा, पाणी बदला म्हणाली होती. मी केलं नाही."

मुलगी खाली बसली. मला वाटलं ती 'का' असं विचारेल, आणि मी उत्तर तयार ठेवलं होतं. तिनं 'का' विचारलंच नाही. कपाटातून टाकीची वही काढली, पानं उलटली, लाल आकड्यांवरून बोट फिरवत थांबली.

"म्हणजे तीन दिवस होते," ती म्हणाली.

"हो."

"तीन दिवस तू दिवा चालू ठेवलास. आणि मी म्हणत होते, तुझ्या हातानं फुललं."

मी हो म्हटलं. 

तिनं फोन उचलला आणि माझ्यासमोरच काकूला लावला. काकू, मी येते, एवढं म्हणाली आणि मग तिला बोलवेना. पलीकडून जाऊ काहीतरी सांगत राहिली, खूप वेळ, हळू आवाजात. पोरगी डोळे पुसत ऐकत होती, मान डोलावत होती. हळूहळू तिचा श्वास जागेवर आला. मी दोन हात अंतरावर उभी होते. तिला जवळ घेणं माझं काम होतं आणि ते काम दुसरीच कुणीतरी, समुद्राकाठावरून, माझ्यापेक्षा चांगलं करत होती. खोटं कशाला लिहू, तेव्हाही माझ्या पोटात दुखलंच.